बॉनेटपर्यंतच्या पाण्यातून गाडी काढली, आता काय काय उघडून बघू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२२ ची थार, डिझेल, मॅन्युअल. पुण्याहून पाटणच्या बाजूला आले, एका फरशीवर (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावर) पाण्याचा अंदाज चुकला, पाणी बॉनेटला लागलं आणि पुढचं चाक खड्ड्यात जाऊन गाडी दहाएक मिनिटं तिथेच उभी राहिली. इंजिन बंद पडलं नाही. ट्रॅक्टरने ओढून काढली, तशीच चालवत पुण्याला नेली. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरने खालून धुतली, स्कॅनर लावला, 'एरर नाही, गाडी ओके' म्हणून परत दिली. आता नऊ दिवस झालेत आणि साठ-सत्तरच्या वेगाला मागून बारीक 'घूंऽऽ' ऐकू येतंय. तर पाणी कुठे गेलं असेल का, सगळी तेलं बदलायची की फक्त आवाजाचं बघायचं?

माझं कराडला गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. पावसाळ्यात पाटण आणि कोयनेच्या अंगाने येणाऱ्या जीप, जिप्सी, बोलेरो आणि अलीकडे थार बघता बघता हात बसला. उत्तर लांबणार आहे. त्याआधी एक काम करा: हे वाचून होईपर्यंत आणि त्यानंतरही, मागचं ऑइल बघितल्याशिवाय गाडी चालवू नका. ऑफिसलासुद्धा नाही.

तुम्ही विचारताय, पाणी आत गेलं का. मी विचारेन, गेलेलं पाणी आत किती दिवस बसलंय? फरशी ओलांडायला दहा मिनिटं लागली, पण त्या दहा मिनिटांत फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वच्छ धुतलेली उभी असताना. हाऊसिंगच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या लोखंडी डब्याच्या (त्यातच चाकांना ताकद वाटून देणारे डिफरन्शियलचे गिअर असतात) तळाशी वाटीभर पाणी असतं, वर तेल असतं, बाहेरून काही दिसत नाही. आत बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे ठिपके पडायला सुरुवात होते. पहिल्या दोन दिवसांत तेल बदललं असतं तर नुकसान फक्त तेलाच्या पैशांचं. नऊ दिवसांनी कदाचित बेअरिंगचंही. आणि स्कॅनरचं म्हणाल तर तो तारेतून येतं तेवढंच वाचतो. डिफरन्शियलच्या तेलाला तार नाही. सर्व्हिस सेंटरने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही, जे तपासलं ते खरंच ओके होतं. तपासायला हवं होतं ते राहिलं.

आता पाणी आत जातं कसं, हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते मला सांगावं लागणार नाही. तुम्ही पुण्याहून हायवेने तीन-चार तास गाडी हाणत आलात. मागचं हाऊसिंग एवढं तापलेलं असतं की हात ठेवता येत नाही. आतली हवा समजा ८० अंशांवर आहे. ते हाऊसिंग पावसाच्या गार पाण्यात बुडालं आणि आतली हवा ३० अंशांपर्यंत उतरली, तर तिचा दाब साधारण १४ टक्क्यांनी पडतो. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण वातावरणाच्या दाबाचे १४ टक्के म्हणजे जवळजवळ दीड मीटर पाणी वर खेचण्याएवढी ओढ. हा दाब भरून काढायला हाऊसिंगवर ब्रीदर असतो, म्हणजे श्वास घ्यायची वाट. तो मोकळा असेल आणि त्याची नळी पाण्याच्या वर असेल तर हवा आत जाते, प्रश्न मिटतो. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर हाऊसिंग ऑइल सीलमधून श्वास घेतं. सील हे आतलं तेल बाहेर पडू नये म्हणून बसवलेलं असतं, बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून नव्हे. आणि ब्रीदर उघडा पण पाण्याखाली असेल, तर मग सरळ पाणीच पितं.

म्हणून दोन मिनिटांत आरपार गेलेली गाडी आणि दहा मिनिटं उभी राहिलेली गाडी यांत मी फार फरक करतो. उभी राहिली म्हणजे सगळं लोखंड पूर्ण गार झालं, ओढून घ्यायचं तेवढं ओढून झालं. तुमची दुसऱ्या प्रकारातली आहे.

खोलीचंही बोलू. थारला कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. अठरा इंची व्हीलवरचं टायर सुमारे ७९ सेंटीमीटर उंच असतं, म्हणजे ६५ सेंटीमीटर पाण्यात टायरचा वरचा चौदाएक सेंटीमीटरचाच भाग उघडा राहतो. बॉनेटला पाणी लागलं म्हणजे तुम्ही त्या आकड्याच्या बरेच वर होता. आणि तो आकडा उभ्या, शांत पाण्याचा आहे. चालत्या गाडीपुढे लाट उठते, ती त्याहून उंच असते. वाहत्या पाण्याचा तर विषयच वेगळा, तिथे गाडीचं इंजिन वाचवायचं की आपण वाचायचं असा हिशेब येतो. फरशीवरून पाणी वाहत असेल तर मी स्वतः थांबतो, चहा पितो, नाहीतर मागे फिरतो.

बाकी काय उघडायचं हे परिस्थितीवर आहे. पाणी हबच्या (चाकाच्या मध्याच्या) खाली होतं, थांबला नाहीत, तर ब्रेक सुकवा आणि विसरा. हबच्या वर गेलं तर मागचं-पुढचं हाऊसिंग आणि चाकांची बेअरिंगं. चेसिसच्या वर गेलं तर त्यात गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), क्लच आणि सेल्फ (स्टार्टर) आले. एअर फिल्टरच्या तोंडाच्या आसपास गेलं तर इंजिन. पाणी खारं असेल, खाडीचं किंवा समुद्राचं, तर खोली विचारायचीच नाही, त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून तासभर धुणं आणि सगळं उघडणं. तुमचं नदीचं पाणी आहे, पण गढूळ. गाळ हा एमरी पेपरसारखा घासतो, हे लक्षात असू द्या.

आधी मागच्या हाऊसिंगकडे येतो, कारण आवाज तिथूनच आहे असं तुम्ही म्हणताय.

गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि तेच आपल्याला हवंय. सकाळी इंजिन चालू न करता खाली शिरा. तेल भरायचं बूच आधी सोडवा. हा क्रम मोडू नका. भरायचं बूच कधीकधी असं जाम झालेलं असतं की पान्हा फिरतो पण बूच फिरत नाही. खालचं आधी काढलंत तर तेल जमिनीवर आणि नवीन भरायला वाट नाही. वरचं सुटलं, की मग खालचं बूच पूर्ण न काढता दोन-तीन आटे सैल करा आणि खाली पारदर्शक प्लास्टिकची बरणी धरा. पहिलं जे बाहेर येईल ते बघा. आधी पाणी ठिबकलं आणि मग तेल आलं, तर पाणी वेगळं बसलेलं आहे. दूध जास्त झालेल्या चहासारखं काही आलं, तर ते तेलात घोटलं गेलंय, म्हणजे पाणी घेऊन गाडी चाललेली आहे. तुमच्या बाबतीत पुण्यापर्यंतचा प्रवास आणि वर नऊ दिवस बघता, पाणी गेलेलं असलंच तर हे दुसरंच दिसेल. काळपट पण पारदर्शक, बोटावर तार धरणारं तेल आलं, तर नशीब.

बरेच जण, अगदी जाणते मिस्त्रीसुद्धा, वरच्या बुचातून करंगळी घालतात, तेल बघतात, 'चांगलं आहे' म्हणतात. ही चूक मी स्वतः केलेली आहे. धंद्यात पडून तीन वर्षं झाली असतील. एका शेतकऱ्याची जुनी एमएम ५४० जीप ओढ्यातून आली होती. मी वरून बोट घातलं, तेल सोन्यासारखं पिवळं. पास केली. तीन आठवड्यांनी पिनियनचं (हाऊसिंगमधल्या लहान गिअरचं) बेअरिंग फुटून गाडी मळ्यातच बसली. उघडल्यावर तळाला गंजाचा चिखल निघाला. गाडी पाण्यातून काढल्यावर दोन दिवस उभीच होती. पाणी खाली, तेल वर, आणि माझं बोट वरच्या तेलात! बेअरिंग मी माझ्या पैशाने घातलं. तेव्हापासून बोटाची तपासणी मी मानत नाही, खालचं बूच उघडल्याशिवाय गाडीला पास म्हणत नाही.

बुचाला चुंबक असेल तर त्यावरचा कीस बघा. शाईसारखी मऊ काळी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. नखाने टोचणारे चकचकीत तुकडे असतील तर हाऊसिंग खोलायचं, मग तेल बदलून आवाज गेला तरी खोलायचं.

तेल दुधाळ निघालं तर एकदा बदलून पुरत नाही. भिंतीला, बेअरिंगच्या पिंजऱ्यात, अ‍ॅक्सलच्या नळ्यांत ते चिकटून राहतं. मी स्वस्तातलं, पण त्याच ग्रेडचं गिअर ऑइल भरतो, दहा-पंधरा किलोमीटर आरामात फिरवून आणतो, गरम असतानाच काढतो. दुसऱ्यांदाही ढगाळ निघालं तर पुन्हा एकदा. मग शेवटी कंपनीने सांगितलेलं चांगलं तेल. लॉकिंग डिफरन्शियलवाल्या गाडीत हे शेवटचं तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला, दुकानदार 'हेच चालतंय सगळ्यांना' म्हणाला तरी. काही मिस्त्री आत डिझेल टाकून हलवून धुतात. मला ते पटत नाही. कोपऱ्यात राहिलेलं डिझेल नवीन तेल पातळ करतं, आणि क्राउन-पिनियनच्या (हाऊसिंगमधल्या मोठ्या-लहान गिअरच्या) दातांना तेलाच्या जाड थराचीच गरज असते.

आता तुमचा 'घूंऽऽ'. फोनवरून किंवा लिहून आवाज ओळखता येतो असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पण तुम्ही स्वतः थोडी चाळणी लावू शकता. तेल बदलल्यावर, मोकळ्या रस्त्यावर, साठला अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि मग पाय पूर्ण काढून घ्या. दाबल्यावर वाढतो, सोडल्यावर बदलतो किंवा थांबतो, तर संशय पिनियन बेअरिंग आणि क्राउन-पिनियनवर. पाय काढला तरी तसाच राहतो, पण लेन बदलताना डावी-उजवीकडे अंग टाकलं की कमी-जास्त होतो, तर चाकाचं बेअरिंग. हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून हाऊसिंगकडे जाणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकाचा सांधा, सुकलाय. पुढून रिव्हर्सला घेताना 'टक्' होत असेल तर क्रॉस ढिला झालाय. आणि एक शक्यता सांगून ठेवतो, खूप गाड्यांत हीच निघते: चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या खोबणीत चिखल वाळून बसलेला असतो आणि चाकाचा बॅलन्स जातो. त्यात 'घूं'पेक्षा थरथर जास्त असते. एकदा चाकं काढून रिम आतून धुवा, फुकटात सुटलं तर बरंच.

मागच्यासारखंच पुढचं हाऊसिंग, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स. तीच पद्धत, तीच बरणी. पुढच्याला लोक विसरतात, कारण गाडी रोज टू व्हीलवर चालते आणि पुढून आवाज येत नाही. पण खड्ड्यात पुढचं चाक गेलं होतं ना तुमचं? सगळ्यात खोल तेच होतं. पुढच्या शाफ्टचे रबरी बूट हाताने दाबून, घडी उघडून बघा. फाटलेल्या बुटातून गाळ आत गेला असेल तर आतला सीव्ही जॉइंट (चाक वळतानाही फिरता राहणारा सांधा) धुऊन, नवीन ग्रीस भरून नवीन बूट. जॉइंटची किंमत बघितलीत की बुटाची महाग वाटणार नाही. जिप्सी आणि जिम्नीवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी वेगळं: तुमच्या पुढच्या चाकाचा गोल नकल (चाक ज्यावर वळतं तो भाग) बंद डब्यासारखा असतो. त्याच्या मागच्या सीलमधून पाणी शिरलं की आतलं ग्रीस करड्या कढीसारखं होतं, आणि ते चाक काढल्याशिवाय दिसत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्यांनी दुधाळ तेल दिसलं की गाडी टो करूनच न्यावी. त्याच्या क्लच प्लेटांवरचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं आणि पाण्याने ते सुटतं. तुमची मॅन्युअल आहे, त्यामुळे तुम्हाला बेल हाऊसिंगची (क्लच ज्यात बसतो त्या कवचाची) काळजी. तिथे तेल नसतं, पण खालून लहान भोक असतं आणि पाणी-गाळ थेट क्लच प्लेटपर्यंत जातो. पाण्यात असताना क्लच दाबला होता का? अडकल्यावर मागे-पुढे करायला बहुतेक दाबलाच असणार. क्लच दाबला की प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये फट पडते आणि गाळ तिथेच जाऊन बसतो. गाडी उचलताना थरथरते का, चढावर चौथ्या गिअरला आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही असं होतं का, ते बघा. क्लच दाबल्यावर किरकिर येत असेल तर रिलीज बेअरिंग धुतलं गेलंय. न्यूट्रलला पाय सोडून आवाज येतो आणि दाबल्यावर जातो, असं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. नुसतं थरथरणं पुष्कळदा शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये आपोआप जातं, म्हणून त्यासाठी लगेच गिअरबॉक्स उतरवू नका.

इंजिनाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, 'बंद पडलं नाही' एवढं लिहून सोडलंत. बंद पडलं नाही ही खरोखर चांगली गोष्ट आहे. पण हे समजून घ्या की इंजिनाला बुडवायला बादली लागत नाही. तुमच्या २.२ लिटर इंजिनाचा एक सिलिंडर साधारण ५४५ सीसीचा. डिझेलचं कॉम्प्रेशन सोळा-सतरा पट धरा, म्हणजे पिस्टन वर पोचल्यावर जागा उरते ३५ मिलीच्या आसपास. कटिंग चहाचा अर्धा ग्लास. पाणी दाबलं जात नाही. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टन मध्येच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. घाटरस्ता सुरू झाल्यावर तिकडच्या बऱ्याच गाड्या लादून वर कराडला आल्या. प्रत्येक मालकाला मी पहिला प्रश्न एकच विचारायचो: पाणी उतरल्यावर सेल्फ मारला का? 'नाही' म्हणणाऱ्यांची इंजिनं इंजेक्टर आणि ग्लो प्लग काढून, क्रँक हाताने पान्ह्याने फिरवून, पाणी बाहेर उडवून, दोन-तीनदा ऑइल बदलून चालू झाली. 'बघू म्हटलं चालू होते का' म्हणणाऱ्यांची बरीचशी उतरवावी लागली. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला चावी लावायची नाही, बॅटरीची तार काढायची, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तुमच्या गाडीत बघायचं ते एअर फिल्टर. डबा उघडा. कागद कोरडा आहे, डब्याच्या तळाला धूळच आहे, तर इंजिनाचा विषय जवळपास संपला. कागदावर पाण्याची रेघ, फुगलेल्या घड्या किंवा तळाला वाळलेला गाळ दिसला, तर पुढे जा: टर्बोकडे जाणारा पाइप आतून पुसून बघा, इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचा) सगळ्यात खालचा पाइप सोडून पाणी साठलंय का बघा. तिथे साठलेलं पाणी नंतर कधीतरी घाटात जोर लावल्यावर एकदम इंजिनात जातं, फरशीची आठवणही राहिलेली नसताना. थोडा वाकलेला रॉडसुद्धा गाडी चालवू देतो. पिस्टन थोडा खालीच थांबतो, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी होतं, सकाळी इंजिन एका पायाने लंगडल्यासारखं वाजतं. असं काही जाणवत असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या.

डिपस्टिकवर तेल वाढलेलं किंवा दुधाळ असेल तर गाडी सुरूच करू नका. फक्त ऑइल टाकायच्या झाकणाला आतून पिवळट मलई लागली असेल तर मात्र घाबरू नका, पावसाळ्यात गावातल्या गावात चालणाऱ्या गाड्यांनाही ती दमटपणाने येते. डिझेल फिल्टरच्या तळाचा नळ सोडून पहिलं कपभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. टाकीत हवा जायची वाटही पाण्याखाली गेलेली असू शकते.

रेडिएटर पुढून आणि मागून दोन्हीकडून बघा. पंखा पाण्यात फिरताना पात्यांना पुढे वाकायची ओढ लागते आणि पात्याचं टोक रेडिएटरला गोल ओरखडा काढतं. तसा ओरखडा असेल तर आज गळत नसला तरी लक्ष ठेवा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गवत, पालापाचोळा आणि गाळ अडकतो. पुण्यात कळणार नाही, खंबाटकी घाटात इंजिन तापून काटा वर जाईल तेव्हा कळेल. पाणी मागून पुढे मारा, आणि प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पत्र्याच्या पातळ पट्ट्या आडव्या होतात.

चाकं काढलीच आहेत तर ब्रेक बघून घ्या. मागचे ड्रम असतील तर उघडून गाळ काढा, लायनर घासून घ्या. पुढे कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का, पॅडमध्ये खडा अडकून डिस्कवर खोल रेघ पडलीय का ते बघा. चाक वर उचलून वर-खाली धरून हलवा, हाताने फिरवून स्प्रिंगला हात लावा. बेअरिंग खरखरीत असेल तर ती खरखर स्प्रिंगमध्ये हाताला कळते, कानाला कळायच्या आधी. ग्रीस भरायचं बेअरिंग असेल तर धुऊन नवीन ग्रीस. सीलबंद हब असेल तर त्यात काही भरता येत नाही, वाजलं की बदलायचं. क्रॉस आणि स्लाइडला निपल असतील तर जुनं ग्रीस बाहेर पडून नवीन दिसेपर्यंत गन मारा. आणि पाण्यातून आल्यावर रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, सकाळी लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा.

वायरिंगचं थोडक्यात. जिथे हात पोचतो तिथले खालचे कपलर काढा, आत हिरवट पांढरी बुरशी दिसते का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कोरडे करून लावा. अल्टरनेटर किंचाळत असेल किंवा सेल्फ 'टक' करून थांबत असेल तर दोन्ही उतरवून साफ करता येतात, लगेच नवीन घेऊ नका. केबिनमध्ये पाणी आलं होतं का ते तुम्ही लिहिलं नाही. आलं असेल तर मॅट काढा, जमिनीची रबरी बुचं काढा, वायरिंगचे जोड आणि सीटखालचं काही भिजलंय का बघा. वरून कोरडं वाटतं, पण आवाज दाबायला घातलेल्या फोमच्या पोटात पाणी महिनाभर राहतं. हे माझ्या आवडीचं काम नाही, पण एअरबॅगच्या वायरिंगला हात न लावणारा चांगला वायरमन शोधा, एवढं नक्की सांगेन.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: उद्या सकाळी गाडी न हलवता मागचं खालचं बूच, मग पुढचं, मग ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स. चारही बरण्यांवर नाव लिहून फोटो काढा. मग एअर फिल्टर, डिपस्टिक, डिझेल फिल्टर. नंतर चाकं. सगळी तेलं डोळे झाकून बदलू का, असं विचारलं होतंत. तुम्ही बॉनेटपर्यंत दहा मिनिटं होता, म्हणून मी चारही बदलीन, अगदी स्वच्छ दिसली तरी. पण आधी बघून मग बदला. न बघता बदललंत तर पाणी कुठून शिरलं ते कळणार नाही, आणि सील तसंच राहील. नवीन तेलावर पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा थोडं काढून बघा. पुन्हा ढग दिसला तर सील बदलायचं.

विम्याचं कुणीतरी विचारणारच, म्हणून: पॉलिसीत इंजिन प्रोटेक्टचं जोडकलम घेतलंय का ते आजच बघा, आणि काहीही खोलायच्या आधी विमा कंपनीला कळवा. पाण्यात सेल्फ मारून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुतेक नाकारतात. बरण्यांचे फोटो इथेही कामाला येतात.

शेवटी ब्रीदर. तो मोकळा आहे का हे बघायला त्याची नळी सोडून तोंडाने हळू फुंका, हवा सहज गेली पाहिजे. टोपी चिखलाने बसली असेल तर बदला. किंमत किरकोळ असते. पुन्हा असल्या वाटांना जाणार असाल, आणि थार घेतलीय म्हणजे जाणारच, तर चारही ब्रीदरना तेल आणि उष्णता सोसणारी नळी जोडून ती इंजिन रूममध्ये फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत) वर आणा. सस्पेन्शन पूर्ण खाली गेल्यावर ताण पडणार नाही एवढी सैल ठेवा, सायलेन्सरपासून लांब बांधा, आणि वरचं तोंड खाली वळवून ठेवा, नाहीतर बॉनेटखाली झिरपणारं पावसाचं पाणीच त्यातून हाऊसिंगमध्ये जाईल.